आयपीए चाखण्याचे निकष कुठून आले?

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, सढळ वापर केलेली इंडिया पेल एल ही बिअर, म्हणजे आयपीए, समोर आली की जाणकार आधी डब्यावरची भरल्याची तारीख बघतो. तीन महिने उलटून गेले असतील, तर सुगंधाची फारशी आशा धरत नाही. मूळची आयपीए मात्र मुरण्यासाठीच बनवलेली होती. आजचे निकष समजायचे, तर हा बदल कसा झाला ते पाहायला हवे.

लंडनच्या पूर्वेकडे, बो इथे, 1752 मध्ये जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच ब्लॅकवॉलला लागत आणि हॉजसनकडून कप्तानांना 18 महिन्यांपर्यंतची उधारी मिळे. त्याचा जम बसला तो या सोयीमुळे. त्याने भारतासाठी नवी बिअर शोधली, ही लोकप्रिय कथा पुराव्यावर टिकत नाही. ऑक्टोबरात गाळून वर्ष-दोन वर्षे पिंपात मुरवायची कडक एल इंग्लंडात आधीपासून होती, आणि भारतात पोर्टर ही काळपट बिअरही भरपूर जात असे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या चार-सहा महिन्यांच्या उबदार प्रवासात हीच एल झपाट्याने मुरली.

हॉप्समधली कडू आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या आंबवणाऱ्या जिवाणूंना रोखतात. म्हणून उकळताना हॉप्स जास्त पडत आणि पिंप बंद करतानाही मूठभर सुके हॉप्स आत जात. उरलेली साखर सावकाश संपवणारे यीस्टही पिंपात असे. 1904 मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी ते इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधून वेगळे केले आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिले. त्याचा चामड्यासारखा वास तेव्हा मुरल्याची खूण होता. आज बहुतेक आयपीएंमध्ये तो दोष धरतात.

1822 च्या सुमारास इंग्लंडातल्या बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉप या ब्रुअरने या व्यापारात उडी घेतली. तिथल्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मुबलक. सल्फेटमुळे कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत लागतो, म्हणून आजही आयपीएच्या पाण्यात जिप्सम घालतात. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात दिसते ते 1829 मध्ये, सिडनीतल्या एका जाहिरातीत.

विसाव्या शतकात कर आणि युद्धकाळातले निर्बंध यांनी इंग्लिश आयपीए सौम्य झाली. तिला नवा जन्म अमेरिकेत मिळाला. 1972 मध्ये कॅस्केड हा हॉप बाजारात आला आणि 1975 मध्ये अँकर ब्रुअरीच्या लिबर्टी एलने त्याचा ग्रेपफ्रूटसारखा वास लोकांपुढे आणला. इथेच निकष उलटले: हॉप्स टिकाऊपणासाठी होते, ते आता वासासाठी आले. हा वास प्राणवायू आणि उष्णता यांच्यापुढे टिकत नाही.

म्हणून चाखतानाही आधी वास. बिअर 7 ते 10 अंश सेल्सिअस असावी, फार गार असेल तर सुगंध दबतो. आत निमुळता होत जाणारा ग्लास एक-तृतीयांश भरावा, फेस बसण्याआधीच हुंगावे. मग घोट. गिळल्यावर अर्धा मिनिट थांबून कडवटपणा स्वच्छ सरतो की घशाला खरखरीत चिकटतो ते पाहावे. कडवटपणा साचत जातो, म्हणून दुसऱ्या नमुन्याआधी पाणी प्यावे. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10 गुण असतात. तिथे अमेरिकन आयपीएसाठी 40 ते 70 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) धरतात, पण या आकड्यावर विसंबू नये. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा जास्त असेल, तर 60 आयबीयूसुद्धा मवाळ लागतात.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअरला प्राणवायू लागला आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतून स्कंक या प्राण्यासारखा उग्र दर्प आला, तर प्रकाश लागला आहे. लोण्याचा वास मात्र खुद्द हॉप्समुळेही येऊ शकतो. सुक्या हॉप्समधली विकरे (एन्झाइम) न आंबणारी साखर तोडतात, यीस्ट पुन्हा जागे होते आणि लोण्याचा वास देणारे डायअ‍ॅसिटिल हे रसायन तयार होते. ब्राउन आणि मॉरिस या संशोधकांनी हॉप्सचा हा गुण 1893 मध्येच नोंदवला होता. पिंपातल्या एलला त्यातून जोम मिळे, म्हणून तो उपयोगाचा होता. आज ब्रुअर डबे भरण्याआधी झाकलेला नमुना 60 अंशांवर वीसेक मिनिटे ठेवून, गार करून हुंगतात. लोण्याचा वास आला, तर ती बिअर यीस्टसोबत टाकीत आणखी काही दिवस राहते.