गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' नसतं

जुन्या लक्झरी सेडानच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलायचं नाही, हा समज चुकीचा आहे. अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. उष्णतेने ऑइलचे गुण उतरतात, क्लचची झीज त्यात मिसळते आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. मग गिअर पडताना झटके बसतात.

झेडएफच्या सहा-गिअरी ६एचपी मालिकेच्या अनेक गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पॅनमध्येच (खालच्या ऑइलच्या तबकात) फिल्टर असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. आधी ऑइल भरायचा बोल्ट सैल होतो का ते पाहा, मगच निचरा करा. तो अडकला आणि ऑइल आधीच काढलेलं असलं, तर गाडी जागची हलणार नाही! एका निचऱ्यात सगळं ऑइल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) उरतं. नवं ऑइल भरताना पातळी मात्र गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि ऑइल ३० ते ५० अंशांवर असतानाच तपासा; भरायच्या छिद्रातून बारीक धार आली की बोल्ट लावा. इथे घाई केली तर पातळी चुकते. पॅन काढलेलाच आहे तर मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिटच्या) प्लगची सील-स्लीव्हही बदला, ती हमखास गळते.