केकचं पुस्तक निवडताना, आणि घरी नेल्यावर

पुस्तक हातात घेतलं की बहुतेक जण आधी फोटो पाहतात. आम्हीही पाहतो. पण फोटो पाहून झाले की साध्या स्पंज केकची कृती शोधा आणि ती उभ्या उभ्या वाचून काढा. मैदा ग्रॅममध्ये दिलाय का? टिन किती सेंटिमीटरचा? लोणी मऊ हवं की फ्रीजमधलं थंड? केक झाला हे ओळखायचं कशावरून, हे सांगितलंय का? नुसतं ‘४० मिनिटं भाजा’ एवढंच लिहिलं असेल, तर फोटो कितीही सुंदर असले तरी ते पुस्तक आम्ही नवशिक्याच्या हाती देत नाही. ४० मिनिटं लेखकाच्या ओव्हनची असतात. ‘कडा टिनपासून सुटल्या, मधोमध बोटाने दाबल्यावर केक परत वर आला’ ही खूण मात्र कोणत्याही ओव्हनला लागू पडते.

मग पुस्तकाची सुरुवातीची पंधरा-वीस पानं उघडा. तिथे पाककृती नसतात म्हणून ती कोणी वाचत नाही. पण केक मधेच बसला, दडस झाला, अशी तक्रार आमच्याकडे येते तेव्हा उत्तर बहुतेक वेळा त्याच पानांत सापडतं.

कप म्हणजे नेमका केवढा?

अमेरिकन पुस्तकातला कप सुमारे २४० मिलिलीटरचा असतो आणि ऑस्ट्रेलियन पुस्तकातला २५०चा. एवढा फरक निभावतो. पण मोठा चमचा इतर देशांच्या पुस्तकांत १५ मिलिलीटरचा, तर ऑस्ट्रेलियन पुस्तकात २०चा असतो. तिथे तीन चमचे कोको लिहिला असेल तर आपल्या १५च्या चमच्याने चार घालावे लागतात.

खरा घोळ मैद्याचा. चमच्याने हलक्या हाताने भरून सुरीने सपाट केलेल्या कपात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमचा होतो आणि केक कोरडा पडतो. अशा वेळी पुस्तक खोटं नसतं आणि तुमचा हातही वाईट नसतो, दोघांचा कप तेवढा वेगळा असतो. अमेरिकन पाककृती-लेखिका फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पुस्तकात काठोकाठ सपाट भरलेल्या मापांचा आग्रह धरला, ती त्या काळी फार मोठी सुधारणा होती. त्याआधीच्या पुस्तकांत ‘अंड्याएवढं लोणी’ अशी मापं सर्रास दिसतात. आज मात्र छोटा डिजिटल वजनकाटा सहज मिळतो. एकच वस्तू घेणं जमणार असेल, तर दुसऱ्या पुस्तकाआधी काटा घ्या. हे आम्ही पुस्तकं विकत असूनही सांगतो.

अंड्यांचंही तसंच. अमेरिकन पुस्तकातलं ‘मोठं अंडं’ म्हणजे कवच काढून सुमारे ५० ग्रॅम. तुमचं अंडं ४० ग्रॅमचं निघालं, तर चार अंड्यांत जवळजवळ एक अंडं कमी पडलं.

ब्रिटिश पुस्तक, अमेरिकन पुस्तक

ब्रिटिश कृतीत कधी कधी बेकिंग पावडरचा उल्लेखच नसतो. कारण तिथे ‘सेल्फ-रेझिंग’ मैदा धरलेला असतो आणि पावडर त्यात आधीच मिसळलेली असते. साधा मैदा वापरायचा असेल तर १५० ग्रॅमला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चाळून मिसळा. बेकिंग सोडा तिच्या जागी चालत नाही. तो तीन-चार पट जोरकस असतो, आणि दही, ताक किंवा लिंबासारखं काही आंबट सोबत असेल तरच नीट काम करतो. साधी कोको पावडरही आंबटच असते. अल्कलीची प्रक्रिया केलेली गडद ‘डच’ कोको पावडर तशी नसते. म्हणून कृतीत फक्त सोडा असेल तर कोको कोणता सांगितलाय ते बघितल्याशिवाय बदलू नका.

३५० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण १८० अंश सेल्सिअस. आतला पंखा चालू असेल तर १६० पुरे.

टिनचा आकार क्षेत्रफळावरून जुळवा. २० सेंटिमीटरच्या गोल टिनचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, २३च्या गोल टिनचं ४१५ आणि २०च्या चौकोनी टिनचं ४००. म्हणजे २३चा गोल नसेल तर २०चा चौकोनी खुशाल वापरा. २०च्या गोल टिनमध्ये मात्र तेच मिश्रण उतू जाईल.

काही व्यावसायिक पुस्तकांत मापं टक्क्यांत असतात. मैदा १०० धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. बेरीज १००च्या पुढे गेली म्हणजे छपाईची चूक नव्हे.

गोड पदार्थ आणि चॉकलेटची पुस्तकं

इथे आम्ही जास्त चोखंदळ आहोत, कारण उकळता पाक भाजतो आणि चूक सुधारायला वेळ देत नाही. पाकाचं तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरलंय याचा हिशेब. थंड पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होणारा पाक ११२ ते ११६ अंशांवर असतो. काचेसारखा कडकन तुटणारा १५०च्या आसपास. चांगलं पुस्तक तापमान आणि पाण्यातली परीक्षा दोन्ही देतं. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा. ९७ दाखवला, तर पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा करा. थर्मामीटर स्वतःच चुकीचा दाखवत असेल तर तेही यातच निस्तरतं.

चॉकलेटचं पुस्तक घेताना ‘टेम्परिंग’चा भाग वाचून बघा. कोको बटर वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठतं, आणि चकाकी व खटकन तुटणं एकाच रूपात मिळतं. डार्क चॉकलेट वितळवून, थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर का आणायचं, हे कारणासकट सांगणारं पुस्तक घ्या. नुसते आकडे पाठ करून उपयोग होत नाही.

वापरलेली पुस्तकं

ती जरूर घ्या. आतल्या एखाद्या पानावर लोण्याचे डाग असतील, समासात पेन्सिलीने ‘साखर कमी’ असं लिहिलं असेल, तर आमच्या मते पुस्तकातलं सगळ्यात भरवशाचं पान तेच. आम्ही असे डाग पुसत नाही.

पहिल्यांदा करताना कृती जशी आहे तशीच करा. साखरही कमी करू नका. ती गोडव्याबरोबर ओलावा आणि मऊपणाही देते. दुसऱ्या खेपेला हवे ते बदल करा.

दुकानात येताना तीन गोष्टी बघून या: ओव्हनला पंखा आहे का, घरातले टिन किती सेंटिमीटरचे आहेत, आणि काटा आहे की नाही. तेवढ्यावर तुमच्या स्वयंपाकघराला जुळणारी दोन-तीन पुस्तकं आम्ही काढून ठेवू. बसून वाचायला खुर्चीही आहे.