रिव्हरडान्स

आयरिश स्टेपडान्सला स्पर्धेच्या चौकटीतून काढून भव्य रंगमंचावर आणणारा कार्यक्रम. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गीतस्पर्धा झाली. गाणी संपल्यापासून निकालापर्यंतचा वेळ भरण्यासाठी निर्मात्या मोया डोहर्टी यांनी सुमारे सात मिनिटांचे एक नृत्य बसवून घेतले. बिल व्हेलन यांचे संगीत, अनूना या गायकवृंदाचे स्वर, जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली यांची जोडी आणि शेवटी रंगमंचभर एका रांगेत, एकाच ठेक्यावर पाय वाजवणारे नर्तक. प्रेक्षागृह उठून उभे राहिले. स्पर्धा आयर्लंडनेच जिंकली, पण त्या रात्रीची आठवण निघते ती या नृत्यामुळे.

यातल्या पावलांमागे जुनी शिस्त होती. आयरिश भाषा आणि संस्कृती जपण्यासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीग या संस्थेच्या चळवळीतून आयरिश स्टेपडान्स राष्ट्रीय अस्मितेचा भाग झाले आणि स्पर्धांमधून घडत गेले. धड ताठ, हात अंगालगत, सगळे काम पायांचे. त्याचे प्रकार बुटांप्रमाणे बदलतात: मऊ बुटांवर रील आणि नऊ मात्रांची स्लिप जिग. कडक बुटांवर हॉर्नपाइप आणि ट्रेबल जिग. कथकात जे घुंगरू बोलतात, ते इथे बुटाची टाच आणि पुढचे टोक बोलते. १९७५ मध्ये जागतिक विजेता ठरलेल्या, शिकागोत वाढलेल्या फ्लॅटलींनी रंगमंचावर हात मोकळे सोडले. परीक्षकांसाठी नाचणारा नर्तक आता प्रेक्षकांकडे पाहू लागला, आणि माझ्या मते या नृत्यात पावलांच्या वेगाहूनही मोठा बदल हाच.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी याच थिएटरमध्ये जॉन मॅककोलगन यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण लांबीचा प्रयोग सुरू झाला. त्यात स्पेनचे फ्लॅमेंको, रशियन लोकनृत्य आणि बुटांनी ठेका वाजवणारे अमेरिकन टॅप नृत्य यांनाही जागा मिळाली. देशांतर हा उत्तरार्धाचा विषय. परक्या शहरात आयरिश नर्तक आणि कृष्णवर्णीय टॅप नर्तक एकमेकांना पावलांनी आव्हान देतात, तो प्रवेश संपूर्ण कार्यक्रमातला सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

त्याच वर्षी फ्लॅटली बाहेर पडले. त्यांची जागा कॉलिन डन यांनी घेतली. १९९६ मध्ये फ्लॅटलींचा स्वतःचा नृत्यप्रयोग ‘लॉर्ड ऑफ द डान्स’ आला. मोठ्या सभागृहांत पावलांचा नाद स्पष्ट पोहोचावा म्हणून ध्वनिमुद्रित ठेके वापरले जातात, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. १९९७ मध्ये रिव्हरडान्सच्या व्हेलन यांनी केलेल्या संगीताला ग्रॅमी हा अमेरिकन संगीत पुरस्कार मिळाला. पुढे लिफी, ली, लॅगन अशा आयर्लंडमधल्या नद्यांची नावे घेतलेले रिव्हरडान्सचे संच एकाच वेळी जगभर फिरू लागले. स्पर्धेचे वय सरले की शिकवणे एवढाच मार्ग असलेल्या नर्तकांना त्यामुळे नाचूनच पोट भरता येऊ लागले.