दोन दिवसात खाज घालवणारी ट्यूब आणि वर्षभर न जाणारा गजकर्ण

जूनमध्ये पाऊस एकदा खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात बसला की पार गणपतीपर्यंत कपडे नीट वाळत नाहीत, आणि इकडं बेळगाव शहरात किंवा निपाणी-चिकोडीकडं पाऊस कमी असला तरी दमटपणा असतोच, त्यामुळं अर्धवट ओली बनियन-चड्डी अंगावर चढवूनच माणसं कामाला जातात. मग जांघेत, कंबरेला, काखेत, बायकांना छातीखाली आणि परकराची नाडी बसते तिथं गोल लालसर चट्टा उठतो, कडेला बारीक पुटकुळ्या, मध्ये जरा साफ, आणि खाज अशी की चार लोकांत बसवत नाही. गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. जागा लाजेची, त्यामुळं घरातसुद्धा कुणी बोलत नाही, सरळ मेडिकलमध्ये जायचं, हळू आवाजात "खाजेचं मलम द्या की" म्हणायचं आणि ट्यूब खिशात टाकायची. दोन दिवसात खाज बंद, चट्टा फिका, माणूस खूश. ट्यूब संपली की आठ-पंधरा दिवसात तोच चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा, आणि शेजारी अजून दोन. मग परत तीच ट्यूब.

ह्या ट्यूबमध्ये काय असतं ते प्रत्येकाला कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडं गजकर्ण हटेनासा झालाय त्यात हिचा मोठा वाटा आहे.

गजकर्ण ही बुरशी. ती आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केरॅटिन खाते, केरॅटिन म्हणजे कातडी, केस, नखं ज्याची बनलेली असतात ते प्रथिन. आत रक्तात वगैरे ती सहसा जात नाही. लाली आणि खाज येते ती मुख्यतः आपल्या शरीरानं तिच्याविरुद्ध चालवलेल्या लढाईमुळं. बुरशी कडेकडेनं बाहेर सरकत जाते, मधली जागा थोडी बरी होत येते, म्हणून चट्टा गोल दिसतो.

आता मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशी मारणारं, एक-दोन जंतू मारणारी, आणि एक स्टेरॉइड, बहुतेक वेळा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. स्टेरॉइड बुरशीला काहीच करत नाही. ते आपल्या पेशींच्या आत जाऊन सूज-खाज निर्माण करणारी रसायनं तयार होणं थांबवतं आणि कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून लाली उतरते. म्हणजे उसाच्या फडाच्या राखणदाराला झोपेची गोळी दिली, आरडाओरडा थांबला, घरात सगळ्यांना शांत झोप लागली, आणि रानडुकरं रात्रभर ऊस खातायत, तसा हा प्रकार आहे. खाज नाही म्हणून आपण बिनधास्त, आणि बुरशी आरामात पसरते.

बरं, ट्यूबमध्ये बुरशीचं औषध पण आहे ना, मग ते काम का करत नाही? थोडं करतं. पण लोक ट्यूब लावतात ती खाज थांबेपर्यंतच, चार-पाच दिवस, आणि बुरशी मरायला लागतात आठवडे. शिवाय शरीराची स्वतःची लढाईच बंद पाडल्यावर नुसत्या औषधाच्या जोरावर ती पूर्ण जाणं अवघड.

त्यात जांघेची कातडी वेगळी. 1967 साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख ह्या दोघांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड अंगावर वेगवेगळ्या जागी लावून मोजलं की कुठून किती आत शोषलं जातं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं जातं त्याला एक धरलं तर कपाळावरून सुमारे 6 पट, जबड्यावरून 13 पट आणि अंडकोषाच्या कातडीतून 42 पट आत गेलं. क्लोबेटासॉल तर त्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पट तेज धरतात. म्हणजे सगळ्यात तेज औषध, सगळ्यात जास्त शोषणाऱ्या जागी, महिनोन्‌महिने. स्टेरॉइड कातडीतलं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, बनणंही कमी करतं, कातडी पातळ होत जाते आणि जांघेत, मांडीवर, काखेत लांब पांढरट-जांभळट चिरा पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात तशाच. ह्या चिरा नंतर पूर्णपणे जात नाहीत. विशी-बाविशीतल्या पोरांच्या मांड्यांवर अशा चिरा बघितल्या की जीव तुटतो, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

अजून एक घोळ असा होतो की स्टेरॉइड लावलेला गजकर्ण मग गजकर्णासारखा दिसतच नाही. कडा पुसट होते, कधी एका गोलात दुसरा गोल तयार होतो, कधी नुसतंच काळपट खरखरीत. डॉक्टरलोकांत ह्याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, आणि पटकन बघणाऱ्याला ते इसब वाटतं, मग इसबावर काय देतात, तर परत स्टेरॉइड.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मात्र माझं म्हणणं बिलकुल नाही. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये सुल्झबर्गर आणि विटन ह्यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पहिल्यांदा कातडीच्या रोगांवर वापरून चांगला गुण आल्याचं मांडलं आणि त्वचारोगांची ट्रीटमेंटच बदलून गेली. इसब, सोरायसिस, चपलेच्या रबराची किंवा सिमेंटची ॲलर्जी, ह्याच्यावर आजही ते पहिल्या पसंतीचं औषध आहे, कारण तिथं मुळात शरीराचीच लढाई उगाच भडकलेली असते आणि ती शांत करणं हेच काम असतं. डॉक्टरनी इसबावर लिहून दिलं असेल तर हे वाचून घाबरून बंद करू नका. ज्याच्यावर लावायचं त्याच्यावर, सांगितले तेवढे दिवस, एवढीच गोष्ट.

केंद्र सरकारनं 2018 मध्ये बऱ्याच स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचच्या पक्क्या यादीत घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली त्यात अशी काही तीन-चार औषधांची मलमंही होती. पण चौकाचौकात काय चालतं ते आपण रोज बघतो. माझ्या मते आपल्या भागात अजून एक अडचण आहे, ट्यूबवरचं बारीक अक्षर सगळं इंग्लिश, आणि आपली आई-आजी मराठी नाहीतर कन्नड वाचणारी. म्हणून घरात जो कोण इंग्लिश वाचतो त्यानं हे एकदा करावंच: घरातली सगळी मलमं काढून मागची नावं वाचायची. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन, ह्यापैकी काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड. शेवटी "सोन" किंवा "लोन" आलं की शंका घ्यायची. आणि क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं, ह्यातलं एकच असलेली ट्यूब गजकर्णाला चालते.

आता बुरशीच बदललीय ती गोष्ट. टर्बिनाफिन हे फार चांगलं औषध, बुरशीला तिच्या पेशीचं पातळ आवरण (मेम्ब्रेन) धरून ठेवायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, ते बनवणाऱ्या साखळीतलं स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम टर्बिनाफिन अडवतं. एर्गोस्टेरॉल मिळत नाही आणि आत स्क्वालीन, म्हणजे त्या साखळीतला कच्चा माल, साठून बुरशी मरते. आधी दोन ते चार आठवडे 250 मिलिग्रॅमची रोज एक गोळी घेतली की काम व्हायचं. मग भारतात अशी बुरशी पसरली जिच्या त्या एन्झाइमच्या जीनमध्येच फरक पडलाय आणि टर्बिनाफिन तिथं धड चिकटत नाही. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला वेगळी जात ठरवून ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं, आपल्या देशाचं नाव त्यात आलंय. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे पेशंट सापडल्याचं अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं जाहीर केलं. अर्धवट ट्रीटमेंट आणि स्टेरॉइडची मिश्र मलमं ह्यांनी तिला वाढायला रान मोकळं केलं असं बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे, आणि मला ते पटतं.

त्यामुळं आता डॉक्टर बरेचदा इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध देतात, कॅप्सूल असते. ती भरल्या पोटी घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. आणि इथंच एक गंमत नाही तर गंभीर गोष्ट आहे, आपल्याकडं कशावरही सकाळी उठून ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय आहे, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, तिच्यामुळं ॲसिड कमी होतं आणि हे महागाचं औषध नीट शोषलंच जात नाही. हार्ट कमजोर असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, दिवस गेले असतील तर हे आधी डॉक्टरला सांगायचं, सिम्व्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांबरोबर इट्राकोनॅझोल चालत नाही. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून आणायची नाही.

मलम लावताना नुसत्या चट्ट्यावर नाही, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्यापुढं गेलेली असते. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबची एक रेघ काढली तर साधारण अर्धा ग्रॅम होतं, तेवढं दोन तळहाताएवढ्या जागेला पुरतं. आणि चट्टा गेल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं, सगळे इथंच सोडतात.

घरात एकाला असेल तर बाकीच्यांना विचारा, लाज बाजूला ठेवून विचारा. एक टॉवेल चौघं वापरतात, एकाच बादलीत कपडे भिजतात, आणि गळालेल्या कातडीच्या कणांत ही बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहते. पेशंटचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, उन्हात उलटे करून वाळवायचे, पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची, शिवणीवर जास्त. करदोटा असेल तर काढा. तो कायम ओला राहतो, त्याच्याखालीच बुरशी बसते, आणि चट्टा गेला तरी दोऱ्यातनं परत येते, श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवीन बांधा. उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीजवळ आठ तास उभं राहणाऱ्याला किंवा वडगाव-खासबागला मागावर बसणाऱ्याला घाम टाळा म्हणणं सोपं आहे, जमणारं नाही, पण घरी आल्या आल्या अंघोळ, अंग कोरडं पुसून सैल सुती कपडे, एवढं जमतं. लिंबू, लसूण, डेटॉल, ब्लेडनं खरवडून मीठ, ह्यातलं काही करू नका, कातडी भाजते, बुरशी तशीच राहते.

हीच स्टेरॉइडं चेहऱ्यावरही जातात, गोरं करणारी क्रीम म्हणून. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी औषध वांगावर द्यायची पद्धत 1975 च्या क्लिगमनच्या फॉर्म्युल्यावरनं आली, ती थोड्या आठवड्यांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली. लग्नाआधी मुली वर्षभर लावत बसतात. आधी उजळ दिसतं, मग बंद केलं की चेहरा लाल, आग, पुटकुळ्या, बारीक लव वाढते, उन्हात जाववत नाही, म्हणून परत लावायचं. हे एकदम बंद न करता डॉक्टरच्या सल्ल्यानंच हळूहळू सोडवावं लागतं.

डोक्याचं वेगळं. लहान पोरांच्या डोक्यात खवले आणि तुटलेल्या केसांचा चट्टा पडला तर तोही गजकर्णच असू शकतो, तिथं मलम चालत नाही कारण बुरशी केसाच्या मुळात असते, ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन पोटातनं काही आठवडे द्यावं लागतं. पण चट्टा एकदम गुळगुळीत, ना खाज ना खवले, तर ती चाई. तिथं किडा केस खात नाही, आपल्याच रोगप्रतिकारक पेशी केसाच्या मुळावर उठलेल्या असतात, आणि बघा, तिथं स्टेरॉइडच योग्य औषध आहे, मोठ्यांना ट्रायमसिनोलोनची बारीक इंजेक्शनं चट्ट्यात चार ते सहा आठवड्यांनी देतात. खूप पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब ह्या गोळीला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली.

कातडीची दोन दुखणी वरून सारखी दिसतात आणि औषधं उलटी असतात, म्हणून तपासणी हवी, आणि गजकर्णाची तपासणी फार सोपी आहे. ब्लेडच्या बोथट बाजूनं चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, त्यात कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे मायक्रोस्कोपखाली दिसतात. थोड्या वेळात निकाल, दुखत नाही. बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, त्वचारोगाची ओपीडी आहे, केएलई हॉस्पिटललाही आहे. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. जुनी ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उलट वाढते, कारण दाबून ठेवलेली लढाई परत सुरू होते, तेवढ्यासाठी डॉक्टर खाजेची गोळी देतात, ती घ्यायची आणि त्या दिवसांत परत मेडिकलमध्ये जाऊन तीच ट्यूब आणायची नाही.