नावाचा हॅश आणि डिस्कवर उतरलेली चूक

डिसेंबर २०२४ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधला (गाभ्यातला) युनिकोडविषयीचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाविषयीचा, एक बदल मागे घेण्यात आला. बदल चुकीचा होता असे नाही. ज्यांनी तो मागे घेतला त्यांनीही जुनी वागणूक चूकच होती हे मोकळेपणाने लिहिले. पण त्या चुकीच्या हिशेबाने काढलेले आकडे तोवर लोकांच्या डिस्कवर जाऊन बसले होते. कर्नल सुधारला आणि काही फाइली नावाने सापडेनाशा झाल्या. अशी अडचण ईएक्सटी घराण्यात, म्हणजे लिनक्सच्या ईएक्सटी२, ३ आणि ४ या फाइल सिस्टिमांत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींत), पहिल्यांदा आली नव्हती.

मुळात ईएक्सटी२ मध्ये डिरेक्टरी म्हणजे नावांची साधी यादी. हवे ते नाव सापडेपर्यंत वरून खाली वाचत जायचे. हजारो फाइली असल्या की हे फार संथ होई, म्हणून २००२ च्या सुमारास ईएक्सटी३ मध्ये हॅशवर आधारलेली अनुक्रमणिका आली. नावाचा हॅश (नावाच्या बाइटांवरून ठरावीक हिशेबाने निघणारा आकडा) काढायचा आणि कोणत्या हॅशपासून कोणता ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) सुरू होतो याची नोंद डिस्कवर ठेवायची. जुन्या कर्नलला ही अनुक्रमणिका कळणार नव्हती, त्यामुळे ती वेषांतर करून ठेवली. पहिल्या ब्लॉकमधली दोन टिंबांची (वरच्या डिरेक्टरीकडे नेणारी) नोंद ब्लॉकच्या टोकापर्यंत ताणली आणि तिच्या पोटात मुळाचा तक्ता लपवला. मधले ब्लॉक जुन्या कर्नलला एकच मोठी रिकामी नोंद असल्यासारखे दिसत. त्याने डिरेक्टरीत काही बदल केला तर ‘अनुक्रमणिका आहे’ ही खूण तो पुसून टाकी आणि नवा कर्नल मुकाट्याने यादी वाचू लागे. इतकी सफाईदार युक्ती या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळते.

सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेल्या ब्लॉकमध्ये, सोयींच्या खुणांच्या (बिटांच्या) तीन टोपल्या असतात. पहिलीतला बिट ओळखीचा नसला तरी माउंट करा (डिस्क वापरायला जोडा), दुसरीतला नसला तर फक्त वाचा, तिसरीतला नसला तर हातही लावू नका. अनुक्रमणिका पहिल्या, म्हणजे ‘कम्पॅटिबल’ टोपलीत बसली. पण ‘कम्पॅटिबल’ या शब्दाने इथे थोडी फसगत होते. जुन्या आणि नव्या कर्नलचे पटेल एवढीच हमी त्यात होती. एकाच आवृत्तीचा कर्नल दोन वेगळ्या प्रोसेसरांवर चालला तर काय, हे कोणी विचारले नव्हते.

कर्नल ज्या सी भाषेत लिहिला आहे तिच्यात नुसते ‘कॅर’ (एका बाइटाचा प्रकार) लिहिले तर ते साइन्ड (उणे-अधिक चिन्ह धरणारे) की अनसाइन्ड (चिन्ह न धरणारे) हे भाषा ठरवत नाही. एक्स८६ प्रोसेसरांवर ते साइन्ड असते, तर आर्म आणि पॉवरपीसीवर अनसाइन्ड. नावाचा हॅश काढणारे फंक्शन नुसत्या ‘कॅर’वर चालत होते. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या आत असल्याने दोन्हीकडे उत्तर सारखेच येई. आता यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरे बाइटांत लिहिण्याची रीत) मधला ‘क’ घ्या. त्याचे तीन बाइट २२४, १६४ आणि १४९. साइन्ड यंत्राला तेच उणे ३२, उणे ९२ आणि उणे १०७ वाटतात. बेरजेत गेल्यावर हॅश वेगळा निघतो आणि कर्नल भलत्याच ब्लॉकमध्ये शोधायला जातो. फाइल डिस्कवर शाबूत असते, पण एक्स८६ वर भरलेली डिस्क पॉवरपीसीला लावून तीच फाइल नावाने मागितली तर ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते.

हे लक्षात यायला बरीच वर्षे लागली याचे एक कारण तांत्रिक आहे. डिरेक्टरी एका ब्लॉकमध्ये मावते तोवर अनुक्रमणिका तयारच होत नाही. दुसरे कारण कोणत्या नावांना फटका बसतो यात आहे. देवनागरी नावातल्या प्रत्येक अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर असतो. दहा चिन्हांचे मराठी नाव तीस बाइटांचे, नोंदीचा बोजा धरून चाळीस. म्हणजे ४०९६ बाइटांच्या ब्लॉकमध्ये शंभरेक फाइली झाल्या की पुढच्या नावाला अनुक्रमणिका लागणार. फ्रेंच नावात एखादेच अक्षर अडायचे, आपले नाव मात्र आरंभापासून अखेरपर्यंत त्याच पट्ट्यात. चाचण्या लिहिणाऱ्यांच्या घरच्या फाइली अशा लिपीत असत्या तर ही गोष्ट लवकर उजेडात आली असती, असे मला वाटते.

२००८ अखेरच्या २.६.२८ कर्नलमध्ये तोडगा आला. सगळीकडे एकच चिन्ह ठरवणे शक्य नव्हते, कारण ज्या बाजूला चूक ठरवावे तिच्या सगळ्या डिस्का एका रात्रीत बाद झाल्या असत्या. म्हणून सुपरब्लॉकच्या किरकोळ खुणांच्या रकान्यात दोन बिट ठेवले, एक साइन्डसाठी आणि एक अनसाइन्डसाठी. हॅशच्या तीन पद्धती होत्या, त्यांच्या तीन अनसाइन्ड जुळ्या बहिणी आल्या, क्रमांक सरळ तीनने पुढे. दोन्हींपैकी एकही खूण नसली तर माउंट करणारा कर्नल स्वतःच्या यंत्राचा स्वभाव पाहून खूण करी.

दोन्ही खुणा तिन्ही टोपल्यांच्या बाहेर आहेत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्या तिसऱ्या टोपलीत टाकल्या असत्या तर जुन्या कर्नलांनी धडधाकट डिस्का नाकारल्या असत्या. बाहेर ठेवल्यामुळे जुना कर्नल त्यांच्याकडे पाहतही नाही आणि आपल्याच चिन्हाने लिहीत राहतो. शिवाय खूण ठरते ती पहिल्यांदा माउंट करणाऱ्या यंत्रावरून. जुनी एक्स८६ ची डिस्क नव्या कर्नलच्या आर्म पेटीला आधी लागली तर तिच्यावर चुकीचा शिक्का बसणार. तरीही निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे, कारण आधी लिहिणाऱ्याचे चिन्ह कोणते होते हे डिस्कवर कुठेच नोंदलेले नव्हते.

पंधरा वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्या दाराने आला. ६.२ आवृत्तीपासून सगळा कर्नल सर्वत्र अनसाइन्ड ‘कॅर’ धरून बांधायचे ठरले. डिरेक्टरीच्या हॅशला धक्का लागला नाही, कारण तिथे २००८ पासून दोन्ही चिन्हे स्पष्ट लिहिलेली होती. एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटच्या (फाइलीला जोडलेल्या जादा माहितीच्या) नावांचा हॅश मात्र अजून नुसत्या ‘कॅर’वरच होता, आणि एका ठरलेल्या चाचणीत तो पकडला गेला. जानेवारी २०२३ मध्ये केलेली दुरुस्ती वेगळ्या वळणाची होती. नवी खूण वगैरे काही नाही. हॅश एका चिन्हाने जुळला नाही तर दुसऱ्याने काढून पाहा, नवा लिहिताना मात्र अनसाइन्डच. हे इथे चालते, कारण हा हॅश पडताळणीपुरता आहे. डिरेक्टरीत हॅशवरूनच जागा ठरते, तिथे ‘दोन्ही करून पाहा’ म्हणजे प्रत्येक न सापडलेल्या नावासाठी दोनदा हिंडणे, आणि नवे नाव कुठे घालायचे हा प्रश्न उरतोच. त्या वेळी सोबत एक शेराही होता की असे बाइट असलेली नावे प्रत्यक्षात बहुधा कोणी वापरत नसावे. अ‍ॅट्रिब्यूटच्या बाबतीत ते खरे असेल. फाइलींच्या नावांबाबत हेच म्हटले असते तर मी वाद घातला असता.

आता २०२४. ईएक्सटी४ मध्ये २०१९ पासून, ५.२ आवृत्तीत, लहान-मोठ्या अक्षरांत भेद न करणाऱ्या डिरेक्टरीची सोय आहे. तिथे नाव आधी युनिकोडच्या तक्त्यांतून एकरूप केले जाते आणि मग हॅश काढला जातो. एकरूप करताना ‘दुर्लक्षणीय’ वर्गातली अदृश्य चिन्हे गाळली जात. ती गाळू नयेत असा बदल आला, तर्काने योग्यच. पण ज्या नावांत अशी चिन्हे होती (हृदयाच्या इमोजीमागे असते तसे एखादे) त्यांचा नवा हॅश डिस्कवरच्या जुन्याशी जुळेना.

या वर्गात झीरो-विड्थ जॉइनरही (अक्षरे कशी जोडायची हे सांगणारे अदृश्य चिन्ह) येतो, आणि तो मराठीत शोभेसाठी नसतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शाळेतले उदाहरण आठवा, एकात गुरू तर दुसऱ्यात स्वयंपाकी. पापणीसारखा आडवा र टंकायच्या दोन रीती आहेत. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि जॉइनर. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या स्वयंपाक्यातला जॉइनर गाळला की तो गुरू होतो.

बदल मागे घेतल्यावर जुनी नावे पुन्हा सापडू लागली. मधल्या काळात नव्या हिशेबाने लिहिली गेलेली आता उलट्या बाजूने अडकली. त्यांच्यासाठी २०२५ मध्ये ईएक्सटी४ आणि एफ२एफएस (लिनक्सची दुसरी एक फाइल सिस्टिम) या दोन्हींत तोड आली. अशा डिरेक्टरीत हॅशने नाव मिळाले नाही तर सगळी यादी ओळीने वाचायची, ईएक्सटी२ च्या काळासारखी. हे नको असेल त्यांना ते बंद करता येईल, अशी खूणही सुपरब्लॉकमध्ये आली. गाळण्याचा नियम मात्र पूर्ववत झाला आहे, तेव्हा अशा डिरेक्टरीत जॉइनरवाल्या ‘आचाऱ्या’ला आणि ‘आचार्या’ला आजही एकाच नावाने राहावे लागते.