सुसाट निघालेली एसएसडी मध्येच का रेंगाळते?

नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांत माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, दीडशे जीबीचे चित्रीकरण उतरवायला घ्यावे, सुरुवातीला वेग सेकंदाला दोन हजार एमबी दिसावा आणि अर्ध्या वाटेत तो एकाएकी शंभर-दोनशेवर यावा, हा अनुभव अनेकांना येतो. मग डिस्क सदोष आहे किंवा व्हायरस शिरला आहे, असे निदान केले जाते. बहुतेक वेळा ते चुकीचे असते.

तोशिबातील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली नँड फ्लॅश स्मृती एसएसडीत वापरतात; ती सेल नावाच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती जपते. एका सेलमध्ये एकच बिट ठेवायचा असेल, तर भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. टीएलसी प्रकारात तीन बिटांसाठी ८ आणि क्यूएलसीत चार बिटांसाठी १६ पातळ्या लागतात. पातळ्या जितक्या दाट, तितका भार जपून, व्होल्टेजच्या लहान लहान स्पंदांनी चढवावा लागतो आणि प्रत्येक स्पंदानंतर तो कुठवर पोहोचला हे तपासावे लागते. लेखन मंदावते ते या मोजमापामुळे. म्हणून डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, मोकळ्या सेलांपैकी काहींत तात्पुरता एकेकच बिट लिहितो, आणि या सुंदर युक्तीलाच एसएलसी कॅशे म्हणतात. क्यूएलसी डिस्कवर ४०० जीबी मोकळे असतील, तर अशा रीतीने फार तर १०० जीबी मावतात. ते भरले की जुनी माहिती दाट सेलांत हलवणे, रिकाम्या जागा पुसणे आणि नवी माहिती लिहिणे ही तिन्ही कामे एकाच वेळी अंगावर येतात; त्यातही फ्लॅशमध्ये लिहिता येते पानापानाने, पुसावा लागतो मात्र शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक.

त्यामुळे वेग नेमका केव्हा पडतो, हे आधी पाहावे. दरवेळी साधारण तेवढीच माहिती गेल्यावर तो पडत असेल आणि संगणक काही वेळ चालू पण निवांत ठेवल्यावर परत येत असेल, तर कॅशेच भरत आहे. डिस्क तापल्यावर वेग पडून थंड झाल्यावर सावरत असेल, तर कंट्रोलर उष्णतेपासून बचाव करत आहे. लहान फाइलीही रेंगाळत असतील, तर डिस्क काठोकाठ भरली आहे का आणि ट्रिम ही संगणकाकडून डिस्कला जाणारी सूचना चालू आहे का, हे तपासावे. कोणती पाने आता नको आहेत हे डिस्कला ट्रिममुळेच कळते. विंडोज ७ पासून ही सोय आहे, पण यूएसबीच्या केसमधील डिस्कपर्यंत ती सूचना काही वेळा पोहोचत नाही.

वेग वाढवण्याची हमी देणारी सॉफ्टवेअर कॅशेची ही मर्यादा बदलू शकत नाहीत. डिफ्रॅगमेंट करण्याचा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याचा, जुना सल्ला तर फिरत्या तबकड्यांसाठी होता; एसएसडीत वाचणारे हलते डोके नसतेच, आणि फाइली हलवण्यासाठी होणारे लेखन तीच कॅशे भरते व सेलही झिजवते.