जहाजाचा कल मोजणारा ओळंबा

जहाज पाण्यावर तरंगू लागलं, तरी त्याचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे हे नुसत्या आराखड्यावरून खात्रीने सांगता येत नाही. पोलाद, यंत्रं, केबल, रंग यांचं खरं वजन हिशेबापेक्षा वेगळं निघतंच. म्हणून जहाज मुद्दाम कलवून बघतात. डेकवर ठेवलेली, आधी तोललेली वजनं एका कडेला सरकवायची आणि जहाज किती कललं ते मोजायचं.

कल मोजायला लागतो ओळंबा. पुण्यात वाड्याची भिंत उभी करताना गवंडी सोडायचे, तोच. फक्त इथे तो ४ ते ६ मीटर लांब असतो आणि त्याचं वजन तेलाच्या भांड्यात बुडवतात, म्हणजे तो झुलत राहत नाही. समजा, जहाज ३,००० टनांचं आहे. १० टन वजन १० मीटर सरकवलं आणि ४ मीटरच्या ओळंब्याचं टोक १५ सेंटिमीटर हललं. कोन जेमतेम दोन अंशांचा. यावरून जीएम, म्हणजे गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर (थोडं कललेल्या जहाजाला वर ढकलणाऱ्या पाण्याच्या जोराची रेषा जहाजाच्या मध्यरेषेला छेदते तो बिंदू) यांतलं अंतर, सुमारे ८९ सेंटिमीटर येतं. मोजताना २ मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर सेंटिमीटरभर सरकतं. आंतरराष्ट्रीय नियमांत जीएमची साधारण किमान मर्यादा १५ सेंटिमीटर असताना ही चूक मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

मग इलेक्ट्रॉनिक कोनमापक का वापरू नये? वापरता येतो, पण त्याची परवानगी प्रत्येक वेळी वेगळी ठरते आणि सोबत निदान एक ओळंबा ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेची शिफारस आहे. ओळंबेही शक्यतो तीन, किमान दोन. एकाचं वाचन चुकलं तर दुसऱ्यावरून कळावं म्हणून. मला हा आग्रह योग्य वाटतो. दोरी आणि वजन यांत बिघडण्यासारखं फारसं काही नाही. सेन्सर मात्र कॅलिब्रेशनच्या, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याच्या, दाखल्यावर विसंबतो. पुण्यातल्या कारखान्यांत कॅलिब्रेशनची मुदत संपलेलं मापक बाजूला ठेवतात, ती शिस्त इथेही हवीच.

तळेगावजवळ इंदुरीला जहाजांवरचे इंजिनिअर घडतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: उपकरण उत्तम असूनही अर्धवट भरलेली टाकी, जहाज धक्क्याला बांधणारा ताणलेला दोर किंवा वारा सगळं वाचन बिघडवतो. कलवणारा बल-आघूर्ण (वजन गुणिले सरकवलेलं अंतर) आणि कोनाचा टॅन्जंट (ओळंब्याचं टोक हललं ते अंतर भागिले त्याची लांबी) यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. एखादा बिंदू रेषेबाहेर पडला, तर सर्व्हेयरसमोर तेच वजन पुन्हा सरकवून मोजतात.